आश्विन-कार्तिकातील घरची बेगमी : खळ्यावरचे चार वाटे

भाद्रपद सरत आला की सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबाच्या कामाचा रोख बदलतो. पेरणी, भांगलण व पाऊस यांची चिंता मागे पडते. काढणी, मळणी, साठवण व रब्बीची पेरणी ही चार कामे एकाच वेळी दारात उभी राहतात. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचे हे सहा-सात आठवडे वर्षातील सर्वांत धावपळीचे असतात. या अवधीत जे धान्य, बियाणे व वैरण नीट ठेवली जाते, तिच्यावरच पुढील पावसाळ्यापर्यंत घर चालावयाचे असते.

पुष्कळ घरांत असे घडते की, सोयाबीन किंवा बाजरी खळ्यावर आली की ती पोत्यांत भरून थेट बाजारात जाते. दिवाळीचा खर्च व सोसायटीचा हप्ता भागतो. पुढे ज्येष्ठात मात्र तेच घर बियाण्यासाठी दुकानदाराच्या दारात उभे राहते, आणि वैरणीसाठी चैत्रापासूनच उसनवारी सुरू होते. स्वस्तात विकलेला माल महाग दराने परत विकत घेणे हा संसारातील सर्वांत मोठा तोटा होय. तो वहीत कोठेही लिहिलेला नसल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. हा तोटा टाळण्याचा मार्ग साधा आहे. माल खळ्यावरून हलविण्यापूर्वी त्याचे चार वाटे करावेत : पहिला बियाण्याचा, दुसरा पोटाचा, तिसरा दावणीचा व चौथा बाजाराचा. या क्रमास महत्त्व आहे. आधीचे तीन वाटे निघाल्यानंतर जे उरेल ते बाजाराचे, असा हिशेब असावा.

प्रदेशाप्रमाणे हिशेब वेगळा

पूर्वी हे दोन्ही जिल्हे एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. दोन्हीकडे पश्चिमेस पाऊस मुबलक व पूर्वेस तुटपुंजा, अशी सारखीच रचना आहे. महाबळेश्वरास वर्षात साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूस तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास असतो व त्याचा मोठा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो.

यामुळे पाटण, जावळी, शिराळा भागातील घराचे वर्ष भातावर उभे असते व भाताची काढणी दसऱ्यानंतर सुरू होते. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस, मिरज भागात ऊस, हळद व सोयाबीन यांचा पैसा घरात येतो, पण खाण्याचे धान्य पुष्कळदा विकत घ्यावे लागते. पूर्वेकडील तालुक्यांत बाजरी हे खरिपाचे व शाळू हे रब्बीचे धान्य. तेथे बाजरी कोठीत जाते तेव्हा शाळू नुकताच पेरलेला असतो. तो साधेल की नाही हे हस्त व चित्रा नक्षत्रांच्या पावसावर अवलंबून असते. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी यांसारख्या योजनांचे पाणी आता काही गावांत पोचले आहे. तथापि जेथे ते पोचलेले नाही, तेथे बेगमीचा नियम अधिक कडक असला पाहिजे.

पहिला वाटा : बियाणे

नवरात्रात घरोघर घट बसतात. पत्रावळीवर किंवा टोपलीत काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी, हरभरा इत्यादी धान्ये पेरतात व नऊ दिवस त्यांची उगवण सारे घर पाहते. हे दिवस रब्बीच्या पेरणीचेच असतात. जे बियाणे फाल्गुन-चैत्रात कोठीत गेले, ते सहा महिन्यांच्या पावसाळी हवेतून जिवंत बाहेर आले की नाही, हे पाहण्याचा याहून योग्य काळ दुसरा नाही. मात्र घटात उगवण दिसते, ती मोजली जात नाही. म्हणून घटाबरोबरच मोजून परीक्षा घ्यावी.

परीक्षेची रीत अशी. बियाण्याच्या पोत्यात वर, मध्ये व तळाशी हात घालून मूठ मूठ बी काढावे व ते एकत्र मिसळावे. त्यातून निवड न करता १०० दाणे मोजून घ्यावेत. मोठे दाणे वेचून घेतल्यास परीक्षा फसते. ओल्या करून पिळलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत ते मांडावेत, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ती सुकू लागल्यास पाणी शिंपडावे. पाच ते सात दिवसांनी गुंडाळी उलगडून सरळ मूळ व निरोगी कोंब असलेली रोपे मोजावीत. कुजलेले, वाकडे किंवा नुसते फुगलेले दाणे धरू नयेत.

सोयाबीनच्या बाबतीत १०० पैकी ७० दाणे उगवले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो बी पुरते. ६० उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो बी लागेल. त्याहून उगवण बरीच कमी असल्यास ते बियाणे म्हणून वापरू नये. गुंडाळी करण्यास खर्च काहीच नाही. दुबार पेरणीस मात्र बियाणे, मजुरी आणि हातची ओल हे तिन्ही जातात.

कोणते बी घरचे ठेवावे व कोणते ठेवू नये, याविषयी घोटाळा नसावा. सोयाबीन, भुईमूग, मूग, उडीद, हरभरा, घेवडा, भात व शाळू यांच्या सुधारित आणि गावरान जातींचे बी घरी धरता येते. संकरित बाजरी, संकरित मका किंवा संकरित भात यांचे घरचे बी पुन्हा पेरल्यास पीक एकसारखे येत नाही व उतारा घटतो. संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी नवेच घ्यावे.

सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. बियाण्याचे सोयाबीन वेगळ्या तुकड्यातून घ्यावे, पीक उभे असतानाच भेसळीची झाडे उपटून टाकावीत व मळणीयंत्राचा वेग मिनिटास ३५० ते ४०० फेऱ्यांपर्यंतच ठेवावा. वेग जास्त झाल्यास दाणा वरून चांगला दिसतो, पण आतला अंकुर दुखावतो. बियाण्याची पोती उंचावरून आपटू नयेत व चार-पाचांहून अधिक एकावर एक रचू नयेत. एकरास ३० किलो लागते म्हणून ३० किलोच ठेवणे पुरेसे नाही. चाळणी, निवड व घट धरून ४० ते ४५ किलो बाजूस काढावे आणि ज्येष्ठात पेरणीपूर्वी पुन्हा परीक्षा घ्यावी.

गावरान वाणांचे मोल विसरू नये. कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पिढ्यान् पिढ्या घरच्या बियाण्यातून तो टिकला, म्हणूनच हे शक्य झाले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा संग्रह केला व २०२० मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखण्याचे काम आपल्याकडे पूर्वीपासून घरच्या कारभारणीचे आहे. राखेत घोळलेले वालाचे बी किंवा शिंकाळ्यावर टांगलेला भोपळा ही त्याचीच रूपे होत. बियाण्याचा वाटा किती असावा व तो कोठे ठेवावा, हे ठरविताना तिचे मत प्रथम घ्यावे.

रब्बीच्या पेरणीपुरते थोडे

शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या अवधीत उरकावी. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१ व भारी जमिनीस फुले वसुधा हे वाण योग्य ठरतात. एकरी ४ किलो बी पुरते. काणी रोग टाळण्यासाठी किलोभर बियाण्यास ३०० मेश गंधकाची ४ ग्रॅम भुकटी चोळावी. कोरडवाहू हरभरा ओल पाहून १० ऑक्टोबरपर्यंत पेरावा. पेरणीपूर्वी प्रथम ट्रायकोडर्मा व नंतर रायझोबियम जिवाणूंची प्रक्रिया करून बी सावलीत सुकवावे.

खंडेनवमीस अवजारांची पूजा होते. त्या दिवशी पाभरीचे चाडे, नळ्या व फण नीट पाहून घ्यावेत. नळी बुजलेली असल्यास एक ओळच्या ओळ मोकळी जाते व ते पंधरा दिवसांनी कळते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रासही हीच तपासणी लागू आहे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी केल्यास भेगा बुजतात व जमिनीतील ओल टिकते.

दुसरा वाटा : पोटाचे धान्य

घरास धान्य किती लागते, हे बहुतेक घरांत अंदाजाने ठरते. पायली व अधोलीचे माप ठिकठिकाणी निरनिराळे असल्यामुळे अंदाज चुकतो. म्हणून हिशेब किलोत करावा. उदाहरणार्थ, चार मोठी माणसे व दोन मुले असे कुटुंब धरू. कष्टाचे काम करणाऱ्या मोठ्या माणसास रोज ४०० ग्रॅम व मुलास २०० ग्रॅम धान्य धरल्यास घरास दिवसाला २ किलो लागते.

कार्तिक ते फाल्गुन, ५ महिने (१५० दिवस) : ३०० किलो. पाहुणे, सण व मजूर यांसाठी ३० किलो. एकूण ३३० किलो.
पूर्ण वर्ष (३६५ दिवस) : ७३० किलो. पाहुणे, सण इत्यादींसाठी ७० किलो. एकूण ८०० किलो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ खाली प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर दरमहा दरमाणशी ५ किलो धान्य मिळते. या घरास ते पाच महिन्यांत १५० किलो व वर्षात ३६० किलो होईल. ते वजा जाता घरच्या धान्याची गरज फाल्गुनापर्यंत १८० किलो व वर्षाची ४४० किलो राहते. ज्या घरास असे शिधापत्रिकेचे धान्य मिळत नाही, त्याने पूर्ण आकडा धरावा. याखेरीज रोज पाव किलो डाळ-कडधान्य धरल्यास वर्षास सुमारे ९० किलो लागेल.

आता समजा की, माण किंवा जत तालुक्यातील या घरात ६ क्विंटल बाजरी आली आहे. फाल्गुनापर्यंतचे १८० किलो तर हलवावयाचेच नाहीत. परंतु शाळू बुडाला तर पुढील कार्तिकापर्यंत घरास हीच बाजरी पुरवावी लागेल. म्हणून आणखी २६० किलो बाजरी शाळू निसवेपर्यंत, म्हणजे साधारण पौषापर्यंत, राखून ठेवावी. दिवाळीपूर्वी विकण्यास मोकळे धान्य १६० किलोच होय. शाळूची कणसे चांगली भरू लागली की राखीव बाजरी विकण्यास हरकत नाही. ज्याच्या शेताला खात्रीचे पाणी आहे, त्यास इतकी राखीव शिल्लक ठेवण्याची गरज नाही.

साठवणीची रीत

धान्य किडते व बुरसते ते मुख्यतः ओलीमुळे. आश्विनाचे ऊन कडक असते व त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. मात्र परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केव्हाही गाठतो. म्हणून खळ्यावर ताडपत्री हाताशी ठेवावी व सायंकाळी रास उघडी सोडू नये. धान्यातील ओल १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरली पाहिजे. दाणा दाताखाली घेतला असता कट असा आवाज होऊन तुटला तर तो वाळला, दबला तर आणखी ऊन द्यावे. उन्हातील धान्य गरम असतानाच कोठीत भरू नये. ते सावलीत निवू द्यावे, नाही तर आत घाम धरतो.

कणगी असल्यास ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून पूर्ण वाळवावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावीत, कारण शिवणीत मागील वर्षाची कीड दडलेली असते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत व भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी उंदरांपासून सर्वांत सुरक्षित असते. नवीन धान्य जुन्यात मिसळू नये. घरच्या खाण्याच्या कडधान्यास किलोमागे ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास भुंगा लागण्याचे प्रमाण कमी होते.

धान्यात घालावयाच्या विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो. शेजारच्या खोलीत गोळ्या ठेवल्या तरी भिंतीच्या फटींतून तो पसरतो. असे काम प्रशिक्षित माणसाकडून, वस्तीपासून दूर असलेल्या गोदामातच व्हावयास पाहिजे.

भुईमुगाच्या शेंगा वाळल्या की हलविल्यावर आतील दाणे खुळखुळतात. त्या टरफलासहच साठवाव्यात. फुटक्या, काळ्या पडलेल्या किंवा हिरवट बुरशी आलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते व ते यकृतास घातक असते. शिजविल्याने किंवा भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. हे दाणे घाण्यास घालू नयेत व जनावरांसही देऊ नयेत, कारण दुभत्या जनावराच्या दुधातून तो दोष घरातील मुलांपर्यंत पोचतो.

पेवात उतरण्यापूर्वी

सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथील पेवांत हळद साठविण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. २००५ च्या महापुराने या पेवांची मोठी हानी केली. धान्याची पेवेही आपल्या भागात पूर्वी पुष्कळ होती व काही ठिकाणी अद्याप आहेत. ही साठवण चांगली टिकते, याचे कारण असे की, आतील माल श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपवितो व कार्बन डाय-ऑक्साइड वायू साठतो. त्यामुळे किडी जगत नाहीत.

पण ज्या हवेत कीड जगत नाही तीत माणूसही जगत नाही. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी बसतो, त्याला रंग नसतो व तो डोळ्यांस दिसत नाही. पेव उघडून लगेच आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्यास काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसराही तेथेच पडतो. म्हणून पेव उघडल्यावर ते पुरेसा वेळ, शक्यतर पूर्ण दिवस, मोकळे ठेवावे. दोरीने पेटता कंदील तळापर्यंत सोडून पाहावा. तो विझला किंवा मंदावला तर कोणीही उतरू नये. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधलेला असावा व वर दोन माणसे दोर धरून उभी असावीत. आतील माणूस पडलाच तर वरून दोर ओढावा, मागोमाग उडी घेऊ नये. जुनी विहीर उपसताना किंवा गोबरवायूच्या टाकीत उतरतानाही असाच धोका असतो व तेथे अधिक विषारी वायूही असू शकतात. अशा टाकीत घरच्या माणसाने उतरूच नये.

तिसरा वाटा : दावण

जनावराच्या वैरणीचा हिशेब माणसाच्या धान्याइतकाच नेटका असावा. एक गाय, एक म्हैस व एक कालवड अशी दावण धरू. हिरव्या चाऱ्याची थोडी जोड आहे असे समजून मोठ्या जनावरास रोज ६ किलो व कालवडीस ३ किलो कोरडी वैरण धरल्यास दिवसास १५ किलो लागेल. शाळूचा कडबा फाल्गुनात येतो. तोपर्यंतच्या १५० दिवसांस २,२५० किलो वैरण हवी. ती बाजरीचे सरमड, वाळलेले गवत, भुईमुगाचा पाला व सोयाबीनचे भुसकट यांतून भागवावयाची आहे. पाच-सहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी. पेंढी दीड किलोची भरल्यास १,५०० पेंढ्या लागतील. गंजीतील पेंढ्या याहून कमी असल्यास तूट आजच कळते, व आश्विनात कळलेली तूट भरून काढता येते. ओल आहे तोवर मका किंवा कडवळ करता येते, डोंगरउतारावरील गवत कापता येते. चैत्रात कळलेली तूट पैशाने किंवा जनावर विकूनच भरावी लागते.

गवत फुलोऱ्यावर असतानाच कापावे. पूर्ण वाळून काडी झालेल्या गवतात कस राहत नाही. गंजी उंच जागी, खाली दगड किंवा काटक्यांचा थर देऊन रचावी व चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावी. कडबा कुट्टी करून घातल्यास नासाडी पुष्कळ कमी होते.

या दिवसांत दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. पाऊस ताणलेल्या शेतातील गुडघ्याएवढ्या कोवळ्या शाळूत किंवा खोडव्याच्या फुटव्यांत विषारी अंश असतो. त्यात जनावर शिरले तर किराळ लागते व तासाभरातही ते दगावू शकते. असे जनावर दिसताच पशुवैद्यकांस ताबडतोब बोलवावे. दुसरी गोष्ट अशी की, कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे स्वस्त मिळतात व काही घरे महिनोन् महिने तेच घालतात. वाढ्यातील ऑक्झालेटमुळे जनावराच्या अंगातील चुन्याचा अंश कमी होतो, दूध घटते व गाभण राहण्यास अडचण येते. वाढे इतर वैरणीत मिसळूनच द्यावे व जोडीला क्षारमिश्रण ठेवावे. वसुबारसेस गाई-वासरांची पूजा होते. त्यापूर्वी लाळ्या-खुरकूतची लस टोचली आहे की नाही, हे दवाखान्यात विचारून घ्यावे.

चौथा वाटा : बाजार

तीन वाटे काढल्यानंतर उरलेला माल मोकळ्या मनाने विकावा. परंतु तोही सर्व एकाच दिवशी विकला पाहिजे असे नाही. काढणीच्या हंगामात आवक फार असते व भाव दबलेले असतात. घरास तातडीची रक्कम किती हवी, ते आधी लिहून काढावे : सोसायटीचा हप्ता, रब्बीचे खत, मुलांची फी, दिवाळी. तेवढ्यापुरता माल प्रथम विकावा.

पैशाची नड असूनही माल थांबविण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे. सहभागी बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद यांसारखा माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. मुदत १८० दिवसांची व व्याज ६ टक्के असते. आपल्या बाजार समितीत ही सोय आहे काय, याची काढणीपूर्वीच चौकशी करावी. हे कर्ज आहे, हेही विसरू नये. भाव वाढेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून सर्व माल न अडकविता काही भागच ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ज्यांच्याकडे एक-दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांस चारही वाटे पूर्ण काढता येणार नाहीत, हे उघड आहे. अशा वेळी निदान क्रम सोडू नये. चाळीस किलो बियाणे राखल्याने आज बाजारात जो पैसा कमी मिळतो, त्याहून अधिक पैसा ज्येष्ठात बियाण्यावर खर्च होणे टळते. धान्य पुरत नसेल तर तूट किती महिन्यांची आहे हे तरी आधी कळते व मजुरीची किंवा जोडधंद्याची तजवीज वेळेवर करता येते.

परसबाग

चार वाट्यांत न मावणारी, पण घरास रोज उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे परसबाग. न्हाणीचे पाणी जेथे जाते, तेथे चार-पाच लहान वाफे करावेत. आश्विनात मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर व गाजर पेरावे. मेथी महिन्याभरात भाजीस येते. सर्व वाफे एकाच दिवशी न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरल्यास भाजी सतत मिळते. कुंपणास घेवडा व दुधी, कोपऱ्यात शेवगा, पपई व कडीपत्ता असावा. न्हाणीच्या पाण्यात साबण फार असल्यास ते प्रथम आळू, केळी किंवा कर्दळीच्या आळ्यात सोडावे. बाजरी-ज्वारीच्या भाकरीबरोबर पालेभाजी व कडधान्य रोज असले म्हणजे मुलांच्या वाढीस मोठी मदत होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ वाचून दाखविण्यापेक्षा करून दाखवावा. घटस्थापनेपूर्वी गावात एक बैठक घ्यावी व प्रत्येक घराने घरच्या रब्बी बियाण्याचे १०० दाणे आणावेत असे सुचवावे. गुंडाळ्या एकाच ठिकाणी ठेवून आठवड्याने सर्वांसमक्ष उलगडाव्यात. कोणाचे बी किती उगवले हे दिसल्यावर वेगळे पटवून देण्याची गरज राहत नाही. त्याच बैठकीत एक तराजू ठेवून पेंढ्या तोलाव्यात. बैठक स्त्रियांस सोयीच्या वेळी असावी. कोठी, बियाणे व गोठा यांचा खरा हिशेब पुष्कळदा त्यांच्याकडेच असतो. ज्या घरात पेव किंवा गोबरवायूची टाकी आहे, त्या घरी स्वतः जाऊन वरील सूचना समजावून द्याव्यात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरास कार्तिक ते फाल्गुन किती किलो धान्य लागते? ते कोठीत आहे काय?
२. घरात ठेवलेल्या बियाण्यांपैकी सुधारित वा गावरान कोणते व संकरित कोणते?
३. गेल्या ज्येष्ठात बियाण्यावर व चैत्र-वैशाखात वैरणीवर किती रक्कम खर्च झाली? त्याच मालास दिवाळीत काय भाव मिळाला होता?
४. गावातील कोणत्या पेवात, विहिरीत वा टाकीत या महिन्यात माणूस उतरणार आहे? त्यावेळी वर दोर धरून कोण उभे राहणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने वहीत लिहून ठेवावे. पाडव्यास नवी वही उघडताना गेल्या वर्षीचे ते पान प्रथम वाचावे व मगच खळ्यावरील मालाचे वाटे करावेत.